तुम्ही विचारलंत म्हणून: आधी खोली मोजा

"घरात पोर्ट्रेट काढायला कोणती लेन्स घेऊ? आणि लाईट?" लग्नात जेवणाच्या पंगतीतसुद्धा हे विचारणारा कुणीतरी भेटतोच. मी उलट विचारतो, "खोली केवढी आहे?" मग समोरच्याला वाटतं, गडी धंद्यातलं गुपित राखून आहे. गुपित वगैरे काही नाही हो.

साधा हिशेब बघा. खुर्चीसकट बसलेला माणूस उभ्या चौकटीत घ्यायचाय आणि कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा आहे. ८५ मिमीच्या लेन्सला साधारण १५ फूट मागं जावं लागतं, ५०ला ९. पंचवटीतल्या वाड्याच्या माजघरात १५ फूट आणणार कुठून? चौकात उभं राहून दारातून काढणार? (काढलेत तसेही. मधे कुणीतरी बादली घेऊन जातंच.) आणि "३५नं नाक मोठं येतं" हे बंद करा आता. नाक अंतरामुळं मोठं येतं. तीन फुटांवरून कुठल्याही लेन्सनं येईल.

अशाच एका माजघरात एका अण्णांचा फोटो काढायचा होता. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, ऐंशी पार. मुलानं बजावलं होतं, "मागचं सगळं ब्लर पाहिजे." म्हणून ८५ लावली, लेन्सचं छिद्र १.८ ठेवलं (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं आणि मागचं धूसर), खिडकीशी बसवलं, छातीपर्यंतच घेतलं. मुलगा स्क्रीन बघून खूश. मी प्रिंट घेऊन गेलो, तर अण्णांनी कपाटातून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. "एक डोळा धरलाय, दुसरा सुटलाय. रजिस्टर, म्हणजे छपाईची जुळणी, हललेला कागद आम्ही बाहेर जाऊ देत नव्हतो."

मी समजावू लागलो. सात फुटांवर १.८ला जेमतेम पावणेदोन इंच शार्प मिळतं, चेहरा तिरका आहे, हल्ली असंच आवडतं. ते म्हणाले, "आवडत असेल. पण मला दोन डोळे आहेत." सुनेनं चहा आणला. कुणी बोलेना. प्रिंट माझ्याकडं सरकवून ते आत गेले. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. सांगितलं तेच केलं होतं, आणि तो फोटो चुकला होता असं मी आजही म्हणणार नाही.

पण पुढच्या रविवारी न बोलावता गेलो. ५० लावली, छिद्र बारीक करून ५.६ ठेवलं. म्हणजे आधीच्या जवळजवळ दहापट प्रकाश हवा. छताला लाकडी तक्तपोशी, धुरानं काळी पडलेली. तिथं फ्लॅश उडवून काय परत येणार? अण्णांचंच धुतलेलं धोतर खिडकीच्या बाजूच्या दोरीवर पसरलं आणि फ्लॅश त्यावर मारला. चष्म्यात चमक येत होती म्हणून धोतर आणखी वर घेतलं. ट्यूब बंद केली, नाहीतर अर्धा चेहरा हिरवट. अण्णा, खुर्ची, भिंत, कॅलेंडर, विजेचा मीटर, सगळं लख्ख आलं. भिंग पुन्हा निघालं. "हां," एवढंच म्हणाले. मुलगा म्हणाला, "मीटर कशाला दिसतोय?"

आज हॉलमध्ये ब्लरवाला आहे, अण्णांच्या खोलीत मीटरवाला. पैसे दोन्हींचे मिळाले.

पूर्वी मीच पोरांना सांगायचो, डोळे झाकून ८५ घ्या. तेव्हाचा मी अगदीच खुळा नव्हतो. गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटात लांबलचक हॉल असतो, छत पांढरं असतं, तिथं ८५ मजेत चालते, फ्लॅश छतावर मारला तरी भागतं. पण तिथंही भिंत पोपटी निघाली तर चेहरा पोपटी.

एलईडी की फ्लॅश, यावर माझं माझ्याशीच पटत नाही. एलईडीत काय पडतंय ते आधी दिसतं. पण जवळ आणला की म्हातारी माणसं डोळे बारीक करतात, आणि दुप्पट लांब नेला की प्रकाश चौथाईवर येतो. या दिवाळीत एक घेईन म्हणतोय. गेल्या दिवाळीतही म्हणत होतो.