तबला, डग्गा आणि दोन माईक

तबल्याला एक, डग्ग्याला एक असे दोन माईक लावायचे, दोन ट्रॅक घ्यायचे आणि मिक्सिंगला बसायचं. घरगुती स्टुडिओतही आता हीच पद्धत रुळली आहे. ट्रॅक एकेकटे ऐकले तर दोन्ही छान वाटतात. एकत्र वाजवले की तबल्याचा ‘ना’ हा बोल डब्यातून आल्यासारखा लागतो, कधी डग्ग्याचा घुमाराच जातो. मग इक्यू (सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करणारा), मग कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), मग आणखी एखादं प्लगिन. दोष मात्र रेकॉर्डिंगच्या वेळी राहून गेलेला असतो, आणि नंतर तो निघत नाही. रेकॉर्डिंग शिकणाऱ्यांनी अर्धा दिवस फक्त या एका गोष्टीला द्यावा. सोबत मोजपट्टी हवीच.

पण माईकच्या आधी सूर. 1920 साली सी. व्ही. रामन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की शाईच्या (पुडीवरच्या काळ्या गोल थराच्या) वजनामुळे आपल्या तालवाद्यांचे उपस्वर मूळ सुराच्या पटीत येतात, साध्या ढोलाचे तसे येत नाहीत. पुडीच्या कडेच्या सोळा घरांपैकी (सूर लावायच्या जागांपैकी) एखादं उतरलेलं असेल तर ही पट मोडते आणि ‘तिं’ या बोलाची आस (मागे रेंगाळणारा नाद) थरथरत संपते. हे कुठल्याही इक्यूने निघत नाही. एसी हवा कोरडी करतो, चामडं ताणतं आणि सूर चढतो. म्हणून गवसणी काढून तबला-डग्गा तासभर आधी त्याच खोलीत ठेवावा, मग हातोडी घ्यावी, आणि दर दोन-तीन टेकनंतर सूर पुन्हा तपासावा.

आता जागा. तबल्याचा माईक पुडीपासून 20 सेंटीमीटर उंच आणि मध्यापासून 15 सेंटीमीटर बाहेरच्या बाजूला घ्या. तोंड जवळजवळ सरळ खाली. तो आत वळवण्याचा मोह होतो, पण आत वळवला की त्याच्यासमोर थेट डग्गाच येतो. डग्ग्याचा माईकही तसाच बाहेरच्या अंगाला, थोडा पुढे, मनगटापासून लांब. नाहीतर दाब देताना तळहाताची घासण घुमाऱ्यापेक्षा मोठी ऐकू येते. दोन्ही कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारे असावेत. तबल्याला लहान डायफ्रॅमचा कंडेन्सर उत्तम. डग्ग्याला चांगला डायनॅमिकही चालतो.

आता पट्टी लावा. तबल्याच्या मध्यापासून त्याचा स्वतःचा माईक 25 सेंटीमीटरवर येतो आणि डग्ग्याचा साधारण 47 वर. म्हणजे तोच ‘ना’ दुसऱ्या माईकमध्ये 22 सेंटीमीटर उशिरा पोहोचतो, 0.64 मिलिसेकंदांनी. दोन्ही ट्रॅक मिसळले की 780 हर्ट्‌झच्या आसपास खड्डा पडतो, त्याच्या तिप्पट वारंवारतेवर पुढचा. डब्यातला आवाज तो हाच.

इथे बहुतेक जण संगणकावर तबल्याचा ट्रॅक 31 सॅम्पल (डिजिटल आवाजाचे सुटे ठिपके) आधी सरकवतात (48 किलोहर्ट्‌झला तेवढेच होतात). त्याने डग्गा जुळतो, पण तबल्यातलं अंतर दुप्पट होतं, कारण तबल्याचा आवाज उलट, डग्ग्याच्या माईकमध्ये उशिरा येत असतो. सरकवून एकच वाद्य सुधारतं, दुसरं बिघडतं. म्हणून एका माईकमध्ये दुसऱ्या वाद्याचा आवाज जितका कमी शिरेल तितकं बरं. माईक आपल्या वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतरावर दुसरा माईक ठेवावा असा एकास तीनचा नियम आहे; तबला-डग्गा इतके जवळ असतात की ते जमत नाही. दुपटीच्या जवळ गेलं तरी खड्डा बराच उथळ होतो, आणि उरलेलं काम माईकच्या तोंडाची दिशा करते.

घुमाराच गायब होणं हा मात्र वेगळा दोष. डग्ग्याचा मूळ सूर 100 हर्ट्‌झच्या आसपास धरला तर त्याची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर. 22 सेंटीमीटरच्या फरकाने तो खोडला जाणं शक्य नाही. तो जातो एका माईकची पोलॅरिटी (तरंगाची वर-खाली दिशा) उलटी असल्यामुळे, आणि कारण बहुधा केबलमध्ये सापडतं: सोल्डरिंग करताना एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनी जोडणीच्या) पिन 2 आणि 3 ची अदलाबदल झालेली असते. तपासणी सोपी आहे. तबलजींना फक्त ‘घे’ आठ वेळा वाजवायला सांगा, मग फक्त ‘ना’ आठ वेळा. दोन्ही मोनोत ऐका. एका चॅनलचं फेजचं (पोलॅरिटी उलटवणारं) बटण दाबा, सोडा. ज्या स्थितीत ‘घे’ भरीव लागतो ती ठेवा आणि केबलला चिकटपट्टीने खूण करा.

गेन लावताना साधा ठेका ऐकून चालत नाही. जोरातली तिहाई वाजवून घ्या आणि तिचं टोक उणे 10 डीबीएफएसच्या (डिजिटल मीटरवर शून्य ही कमाल पातळी) वर जाऊ देऊ नका. 24 बिटमध्ये एवढी जागा सोडणं परवडतं. हेडफोन बंद पाठीचे हवेत. क्लिकऐवजी लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरणारी धून) दिला तर वादन मोकळं होतं, आणि तो थोडा माईकमध्ये झिरपला तरी क्लिकइतका टोचत नाही.

गाण्याच्या मागे साधा ठेकाच असेल तर मला एकच मोठ्या डायफ्रॅमचा माईक जास्त आवडतो. समोर, 50-60 सेंटीमीटरवर, दोन्ही पुड्यांपासून सारख्या अंतरावर. दोन माईकमधल्या फरकाचा प्रश्नच उरत नाही. तबला-डग्ग्याचा तोल तबलजींच्या हातात राहतो, आणि तो त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. खोली मात्र बरी हवी: मागे जाड पडदा, खाली सतरंजी, पंखा बंद.

एवढं झाल्यावर कॉम्प्रेसरला फारसं काम राहत नाही. प्रमाण 3:1, अटॅक 20 ते 30 मिलिसेकंद, म्हणजे चाटीवरचा आघात आधी निसटतो आणि मगच दाब बसतो. किती दाब बसला हे दाखवणारी सुई 3 डीबीच्या पुढे जायला लागली तर आधी फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ) हातात घ्या. तबल्याच्या ट्रॅकला 100 हर्ट्‌झखाली लो-कट (खालचे आवाज कापणारा फिल्टर) चालतो. डग्ग्याला 40 च्या वर नेऊ नका. मींड खाली उतरते तेव्हा तिला तिथे जागा लागते.