पोर्टलवर जमा, पासबुकात नाही

जुलै २०२३ मधली गोष्ट. पीएम किसानचा चौदावा हप्ता २७ तारखेला सुटणार होता. त्याआधी ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलेल्यांना गाठायचं म्हणून सावंतवाडी तालुक्यातल्या एका गावात आम्ही शिबिर लावलं होतं. मी तिथला कृषी सहाय्यक. बाहेर धो धो पाऊस, लावणीचे दिवस, माणसं गुडघ्यापर्यंत चिखल घेऊनच येत होती.

या योजनेत वर्षाला ६००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत येतात. कोकणात खरी अडचण सातबाऱ्याची. एका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईत, काही तर वारलेल्यांची. त्यातून जो कसतो त्याचं नाव वर काढताना जीव मेटाकुटीला येतो.

दुपारी साठीच्या एक काकी आल्या. नवरा गेल्यावर वारस नोंद होऊन नाव त्यांच्यावर चढलेलं. "झिला, माझे पैशे खंय गेले? दोन वर्षां झाली, एक रुपयो दिसाक नाय. तलाठ्यान खाल्ल्यान काय?"

मशीनवर बोट ठेवायला सांगितलं. एकही बोट लागेना. त्यांनी तळवे उलटे करून दाखवले. बोटांची टोकं काळी, गुळगुळीत, रेषा म्हणून नाहीतच. चौदा वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या होत्या. टरफलातलं तेल कातडी जाळतं. बायका हाताला राख चोळतात, तरी ते मुरतंच. राबून झिजलेल्या बोटालाच ओळख पटवता येत नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं. ओटीपीही जमेना, आधारला जोडलेला मुलाचा जुना नंबर बंद झालेला.

नशिबाने त्याच सुमारास ॲपवर चेहऱ्याने केवायसीची सोय आली होती. आत अंधार, म्हणून काकींना पडवीत नेलं. ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगत होतं, त्या मात्र टक लावून बघत होत्या. तिसऱ्यांदा जमलं.

मग स्टेटस उघडलं आणि मी थांबलो. केवायसीअभावी हप्ते अडले होते ते अलीकडे. त्याआधीचे चार जमा दिसत होते, पण बँकेचं नाव निराळंच.

"काकी, दुसरं खातं काढलेलं?"

बराच वेळ आठवून म्हणाल्या, "बचतगटाच्या कर्जाक एक काढलेला."

तेच होतं. पैसे खातेक्रमांकावर नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. नवं खातं काढताना आधार तिकडे वळलं, आणि हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. पोर्टलवर 'जमा' दिसलं की आमच्या लेखी प्रकरण संपतं. खरं तर तिथूनच चौकशी सुरू व्हायला हवी. मीही तोवर कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर त्या शाखेत गेलो. पासबुक ट्रंकेतून आणलं होतं, कोरं करकरीत. छापून आलं तेव्हा त्यांनी त्याच काळ्या बोटाने ओळी मोजल्या. २०००, २०००, २०००, २०००.

"तलाठ्याक मी उगाच गाळी घातलंय," त्या हळूच म्हणाल्या.

कव्हरवर मी पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'किसानचे पैसे ह्याच पासबुकात'. त्यांनी ते वाचलं आणि पासबुक पुन्हा माझ्यापुढे सरकवलं. "खाली तुझो नंबर पण घाल."