गुडघा बदलल्यानंतर 'सरकतो'? एक्स-रे नॉर्मल असला तरी पुढे तपासा (माझा अनुभव)

माझा उजवा गुडघा बदलला तेव्हा सगळं व्यवस्थित झालं होतं, टाके सुकले, वॉकर सुटला, सपाट रस्त्यावर मी आरामात चालायला लागले. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंगला लिफ्ट नाही. काही महिन्यांनी जिना उतरताना त्रास सुरू झाला. उजवा पाय वरच्या पायरीवर वाकलेला आणि डावा खाली टाकतेय, नेमकं त्या क्षणी गुडघ्याच्या आत काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं आणि पोटात गोळाच यायचा. सोफ्यावरून उठतानाही तेच, हाताने रेटा दिल्याशिवाय उठता यायचं नाही. संध्याकाळपर्यंत गुडघ्यावर सूज, वाटीच्या आजूबाजूला आणि आतल्या बाजूला खाली दुखायचं.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे फेऱ्या मारल्या. दरवेळी एक्स-रे, दरवेळी "इम्प्लांट एकदम छान बसलंय, मसल वीक आहेत, व्यायाम करा". घरी मिस्टरांनाही वाटायला लागलं की हिने भीती घेतलीय. हा काळ सगळ्यात वाईट, कारण रिपोर्ट नॉर्मल असले की आपलं म्हणणं कुणाला पटतच नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते फिजिओथेरपिस्ट मुलीच्या. ती म्हणाली, काकू पलंगाच्या कडेला बसा, पाय खाली लोंबू द्या आणि एकदम ढिले सोडा. मग तिने दोन्ही हातांनी माझी नडगी गुडघ्याखाली धरली आणि पुढे ओढली, मागे ढकलली. उजवी चक्क सरकली, आतून टक असा आवाज आला, मी स्वतः डोळ्यांनी बघितलं. डावीकडे तेच केलं तर पाय हलला नाही. पाय सरळ ठेवून तपासलं की मात्र उजवा घट्ट लागायचा! इतके दिवस मला टेबलावर झोपवून पाय सरळ करूनच बघत होते. तिने चिठ्ठी लिहून दिली की रिव्हिजन, म्हणजे आधी बदललेला गुडघा परत बदलायचं ऑपरेशन, करणाऱ्या सर्जनला दाखवा.

मग मुंबईत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी इन्फेक्शन नाही ना ते बघितलं, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या आणि सुईने गुडघ्यातलं पाणी काढून जंतू आहेत का बघायला कल्चर. हे सगळं क्लिअर आल्याशिवाय पुढचं बोलणारच नाही म्हणाले, आणि मला ते फार पटलं. मग सीटी स्कॅन आणि पाय वाकवून, दाब देऊन काढलेले एक्स-रे. निदान झालं फ्लेक्शन इन्स्टेबिलिटी, म्हणजे गुडघा सरळ असताना घट्ट पण वाकला की सैल. त्यांनी कागदावर काढून दाखवलं, मांडीच्या आणि नडगीच्या हाडामध्ये पाय सरळ असताना जेवढी जागा राहते तेवढीच वाकवल्यावर राहायला हवी, माझी वाकवल्यावरची जागा जास्त होती. शिवाय माझ्या इम्प्लांटमध्ये मागचं लिगामेंट, पीसीएल, तसंच ठेवलेलं होतं आणि ते नंतर निकामी झालं होतं. एका जागी असलेल्या साध्या एक्स-रेत ही हालचाल दिसणार कुठून.

लगेच ऑपरेशन नाही सांगितलं. काही महिने मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, बाजूला बिजागरी असलेला ब्रेस. काहींचं एवढ्यावर भागतं म्हणाले. मी मनापासून केलं, जिन्यावर थोडा आधार वाटायला लागला पण सूज काही हटेना आणि पाय दगा देणं चालूच.

शेवटी रिव्हिजनचंच ठरलं. मी विचारलं, इम्प्लांटच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं प्लास्टिक जाड घातलं की झालं ना? तर नाही, कारण सरळ असतानाची जागा आधीच बरोबर आहे, नुसतं जाड प्लास्टिक घातलं तर पाय पूर्ण सरळच होणार नाही. म्हणून मांडीकडचा भाग मोठ्या साइजचा घेऊन मागून भर द्यायची, हाडात दांडी आणि मध्ये जाड खुंटीवालं, जास्त पकड असलेलं इम्प्लांट. त्यातही सैल वाटलं तर हिंज प्रकारचं, म्हणजे बिजागरीसारखं जोडलेलं, तयार ठेवणार होते.

इथे एक गोष्ट फार कामाला आली. पहिल्या ऑपरेशनच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात, कंपनी, साइज, लॉट नंबर. सुनेने ती फाइल जपून ठेवली होती. डॉक्टरांनी सगळ्यात आधी तीच मागितली, कारण आत काय बसवलंय हे नक्की कळलं की काढायची हत्यारं आणि जुळणारे भाग आधीच मागवता येतात. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी आजच फाइल काढून स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर इम्प्लांटच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे. ऑगस्ट 2017 मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणारी सरकारी संस्था) ती लावली तेव्हा साध्या कोबाल्ट क्रोम धातूच्या इम्प्लांटला 54,720 आणि रिव्हिजनच्या इम्प्लांटला 1,13,950 रुपये, जीएसटी वेगळा. पण तो फक्त इम्प्लांटचा आकडा, हॉस्पिटल, सर्जन, औषधं वेगळी, त्यामुळे एस्टिमेट लेखी घ्या. टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांनी) "हेच ऑपरेशन परत का" म्हणून अडवलं होतं, सर्जनने कारण आणि तपासणी लिहून दिल्यावर मंजूर झालं.

रिव्हिजननंतरचं दुखणं पहिल्यापेक्षा जास्त होतं आणि वॉकरही जास्त दिवस लागला, हे आधी माहीत असलेलं बरं. गुडघा पहिल्याइतका वाकत नाही, खाली मांडी घालून बसायचं नाहीच. पण सरकणं पूर्ण थांबलं. कठडा धरून का होईना, एकेका पायरीवर एकेक पाय टाकत तीन मजले उतरते, संध्याकाळची सूज नाही, भाजी मी स्वतः आणते. डावा गुडघाही झिजलाय, त्याची वेळ येईल तेव्हा पीसीएल ठेवणार की काढणार, आणि पाय सरळ असतानाची आणि वाकवल्यावरची अशा दोन्ही जागा कशा तपासणार, हे मी ऑपरेशनच्या आधीच विचारणार आहे.