एका ग्लासाची पैज

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री जेवून गेलं की दोन गोष्टी हमखास मिळायच्या. एक म्हणजे समोर म्हैस पिळून दिलेलं, मिशीला फेस लागेल असं निरसं दूध. दुसरी म्हणजे भांडण. कोल्हापुरात भांडायला विषय कमी नाहीत. फुटबॉलची मॅच झालेली असली तर पीटीएम आणि दिलबहार या दोन फुटबॉल संघांच्या माणसांच्या आसपास उभंच राहू नये. आमच्या टोळक्याचं भांडण मात्र ठरलेलं असायचं: 'हे गाणं लिहिलंय कुणी?'

गायलंय कुणी, ते शेंबडं पोरही सांगतं. संगीत कुणाचं, तेही निम्म्यांना ठाऊक असतं. लिहिणाऱ्याशी आलं की घोडं अडतं. आणि जिथं अडतं तिथंच पैज लागते.

टोळक्यात घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक मामा होते, शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर होते, आणि आम्ही कॉलेजची दोन-तीन पोरं. मामांना हजारभर गाणी पाठ होती, पण फक्त बोटांत. शब्द विचारले की म्हणायचे, "शब्दाचं काय करायचंय मर्दा, पिपाणीतनं येत्यात व्हय?" तरी पैज लावायला सगळ्यांत पुढं तेच. हरले की ग्लास, जिंकले की ग्लास, असा त्यांचा साधा हिशेब.

पहिली पैज मी हरलो ती 'रेशमाच्या रेघांनी'वर. मी छातीठोकपणे म्हणालो, खेबुडकर. मास्तर नुसते हसले. निघाल्या शांता शेळके. संगीत आनंदघनचं, म्हणजे लताबाईंचं, आणि गायलंय आशाबाईंनी. चोळीवरच्या कशिद्याचं ते ठसकेबाज गाणं तीन बायकांनी मिळून उभं केलेलं! एकोणिसाव्या वर्षी मला ते पटायला जड गेलं. ग्लासाचे पैसे तेवढे मुकाट दिले.

माझी चूकही कोल्हापुरीच होती. इथं ठसक्याचं काही कानावर पडलं की माणूस डोळे झाकून जगदीश खेबुडकरांचं नाव घेतो. माणूस आपल्या जिल्ह्याचा, पेशानं शिक्षक, त्यामुळं ज्याला त्याला ते आपल्याच शाळेत शिकवायला होते असं वाटतं. त्यात सिनेमासाठी लिहायला लागले तेच 'लवंगी मिरची'पासून, 1962 च्या 'रंगल्या रात्री अशा'त. त्या गाण्यात गावाचं नावच आहे. मग कोल्हापूरकर दुसऱ्या कुणाला कशाला मोजतोय!

पण आमच्या मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं, आणि आता वय झाल्यावर मलाही तेच पटतं. खेबुडकरांची खरी ताकद लावणीच्या ठसक्यात नाही. ती आहे ज्याचं गाणं त्याच्याच कामधंद्यातले शब्द त्याच्या तोंडी घालण्यात. लोहार देवाकडं मागणं मागणार तर देव ऐरणीचाच हवा. 'ऐरणीच्या देवा' म्हटलं की पुढं भाता, ठिणगी, घण सगळं आपसूक येतं. आणि 'देहाची तिजोरी' बघा. सिनेमा चोरांच्या गोष्टीचा, आणि त्यातली प्रार्थनाही चोराच्याच भाषेत! देह म्हणजे तिजोरी, आणि मागणं काय, तर दार उघड. देवळात भजन म्हणून ते गाणं म्हणणाऱ्या किती जणांच्या हे ध्यानात येत असेल? मी एकदा सत्यनारायणाच्या पूजेत हे सांगून बसलो आणि थोरल्या काकूंनी प्रसाद देताना माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा विषय काढला नाही.

सगळ्यांत लांबलेली पैज मात्र 'बुगडी'ची. घड्याळवाले काका हट्टाला पेटले होते, "खेबुडकरच! पाच ग्लास!" मास्तर म्हणाले, गदिमा. काकांना ते सोसेना. "आरं, रामायण लिहिणारा माणूस बुगडी सांडंल का?" हा काही वाईट प्रश्न नव्हे. 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, वर्षभर चाललं, छप्पन्न गाणी झाली. 1959 मध्ये 'सांगत्ये ऐका'त बुगडी सांडली. हात तोच. शेवटी मास्तरांनी वकिली केली: खेबुडकरांचं पहिलं सिनेमागीत 62 चं, मग 59 ची बुगडी त्यांनी सांडायची कधी? काका दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "सालं कुणी बघितलीत? कागूद दावा."

आता कागद आणायचा कुठून? हीच तर खरी गंमत होती. निकाल त्या रात्री लागायचाच नाही. मास्तरांच्या घरी एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात टॉकीजबाहेर विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका होत्या. पिवळी पडलेली पानं, अर्धीच गोष्ट आणि शेवटी 'पुढील कथा रुपेरी पडद्यावर पाहा'. गीतकाराचं नाव मात्र ठळक. ट्रंकेत नसलं तर रेडिओ. सांगली केंद्रावर गाणं लागण्याआधी निवेदक सावकाश सांगायचा: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमुक. गीतकाराचं नाव पहिलं! आम्हाला गीतकार कळले ते या एका सवयीमुळं, दुसरं कुणी शिकवायला आलं नव्हतं. ते गाणं कधी लागेल याचा नेम नसे. आठ-पंधरा दिवस पैज तशीच लोंबकळायची आणि कट्ट्यावर रोज तिच्यावर नव्यानं चर्चा व्हायची. बुगडीचं पुस्तक सापडायला बावीस दिवस लागले. काकांनी पाच ग्लास पाजले आणि सहावा स्वतः प्यायले, दुःखात.

मामांचा वाद कधी लागलाच तर पी. सावळारामांवरून लागायचा. शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या येडे निपाणीचे हे, मूळचे पाटीलच. मामा म्हणायचे, गावात निम्म्या पोरींना त्यांनीच सासरी धाडलंय. खोटं नाही. मुलगी निघाली की बँडनं 'गंगा जमुना' धरायचं आणि मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावायचा, हा रिवाजच होता. मला स्वतःला त्या गाण्याचा थोडा रागच आहे. रडायचं की नाही ते आपल्याला ठरवूच देत नाही. मामांना हे बोललो तर म्हणाले, "ते वाजवून मी तीन पोरींची लग्नं केली, गप बस." तेव्हापासून सावळारामांबद्दल गप्प आहे.

या सगळ्याला कुणी छंद म्हणालं असतं तर आम्हीच हसलो असतो. पण तो होता, आणि त्याचं आजूबाजूचं सामानही होतं. कोऱ्या कॅसेटवर आपल्या यादीप्रमाणं गाणी भरून देणारा रेकॉर्डिंगवाला होता. यादीत गीतकाराचं नाव चुकलं तर तो पेन्सिलीनं दुरुस्त करून द्यायचा, वर पाणउतारा फुकट. केशवराव भोसले नाट्यगृहात जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद असला की निवेदकानं 'गीत...' म्हणायचा अवकाश, बाल्कनीतून नाव आलेलंच असायचं. 2024 च्या 8 ऑगस्टला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते नाट्यगृह जळालं. बातमी कळल्यावर मी खासबागेकडं गेलो होतो. गर्दीत माझ्या शेजारच्या माणसानं काय म्हणावं? "माझी पैज हितंच ऱ्हायली." कुठली, ते विचारायचं मला सुचलं नाही. माझ्यासारखे आणखीही होते म्हणायचे.

मास्तर गेले, मामा गेले. घड्याळवाले काका आता पुण्याला मुलाकडं असतात. कट्ट्यावर पूर्वीइतक्या म्हशी दिसत नाहीत, आणि मलाही डॉक्टरांनी रात्रीचं निरसं दूध बंद सांगितलंय. मी अर्धा ग्लास घेतो.

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन गेलो. पलीकडं गाडीवर कुणाच्या तरी मोबाइलमध्ये 'ऐरणीच्या देवा' चाललं होतं. जुनी खाज उठली. म्हटलं, "सांग बघू, कुणी लिहिलंय? एका ग्लासाची पैज." तिनं फोन काढला. तीन सेकंद. माझा जीव खट्टू झाला, म्हणजे गंमत संपलीच की.

"आनंदघन," ती म्हणाली.

"काय?"

"गीतकार आनंदघन. हे बघा, लिहिलंय."

खरंच लिहिलेलं होतं. कुठल्याशा ॲपवर गीतकाराच्या रकान्यात आनंदघन. मी म्हटलं, अगं, आनंदघन हे संगीतकाराचं नाव, आणि ते म्हणजे लता मंगेशकर. "म्हणजे हे लताबाईंनी लिहिलंय?" लिहिलं नाही, चाल लावली आणि गायलं. लिहिलं खेबुडकरांनी, साल 65, भालजींचा 'साधी माणसं'. तिचा विश्वास बसेना. इतक्या मोठ्या ॲपवर चुकीचं कसं असेल? मी म्हटलं, ॲप काय देव आहे? ती म्हणाली, मग तुम्ही कागद दाखवा.

कागद दाखवा! चाळीस वर्षांनी तेच वाक्य, तेही माझ्याच घरातून. मी जोरात आलो, तीही आली. बाजूचे दोघे मध्ये पडले. एक म्हणाला खेबुडकरच, दुसरा म्हणाला छे, गदिमा. त्याला मी बुगडीची गोष्ट सांगायला घेतली. गवळी ओरडला, "ओ सायेब, म्हशीला वाट द्या की!"

मास्तरांची ट्रंक त्यांच्या सुनेकडं असेल तर बघून येतो, असं मी लेकीला सांगितलंय. तोवर पैज चालू आहे. त्या रात्रीच्या दुधाचे पैसे तात्पुरते मी दिलेत, उधार म्हणून.