गिटारच्या साइड वाकवायचा जिग घरीच बनवला

ॲकूस्टिक गिटार बनवताना सगळ्यात जास्त धाकधूक कधी होते तर साइड, म्हणजे गिटारच्या पेटीची कडेची वळणदार भिंत, वाकवताना. जेमतेम २ मिलिमीटर जाडीची, ८० सेंटीमीटरच्या आसपास लांब अशी शिसवी पट्टी, ती वरच्या फुगवट्याला बाहेर, कंबरेला आत आणि खालच्या फुगवट्याला परत बाहेर अशी वळवायची. मिरजेच्या सतारीला मागची गोलाई भोपळाच देतो, इथे मात्र ती सरळ फळीतून काढायची असते. गरम पाइपवर नुसत्या हाताने वाकवणारे कारागीर आहेत आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, पण डावी-उजवी साइड हुबेहूब सारखी हवी असेल तर साचा पाहिजेच असं माझं ठाम मत आहे.

अशा साच्याच्या जिगला फॉक्स बेंडर म्हणतात, अमेरिकेतले गिटारमेकर चार्ल्स फॉक्स यांनी १९७० च्या दशकात तो काढला. सांगाडा अगदी सोपा आहे, १८ मिलिमीटर प्लायमधून गिटारच्या अर्ध्या आकाराचे दोन तुकडे जिगसॉने कापायचे, दोन्ही एकत्र शिकंज्यात धरून घासून एकसारखे करायचे, मध्ये अंतर ठेवून जोडायचे आणि वरून कंबर दाबायला लांब स्क्रू बसवायचा. हे काम कुठलाही बरा सुतार करेल.

खरी गंमत स्टीलच्या पट्ट्यांमध्ये आहे. लाकूड तापलं की त्यातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा घटक, मऊ पडतं आणि मग ते दाब बऱ्यापैकी सोसतं, पण ताण अजिबात सोसत नाही, ज्या बाजूला ताण येतो तिथले तंतू उचकटतात आणि तड जाते. फुगवट्याला ताण बाहेरच्या अंगाला येतो आणि कंबरेला बरोब्बर उलटा, आतल्या अंगाला, म्हणून पातळ स्प्रिंग स्टील दोन्ही अंगांना लागतं, एकाच बाजूला लावून भागत नाही. माझा थर असा: खाली स्टील, मग लाकूड, मग स्टील, त्यावर सिलिकॉनचं हीटिंग ब्लँकेट (विजेवर तापणारी पातळ चटई) आणि सगळ्यात वर परत स्टील. लाकडावर पाण्याचा हलका फवारा मारून ते आधी खाकी कागदात आणि मग ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचं, कारण ओलं लाकूड लोखंडाला लागलं की लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे काळेनिळे डाग पडतात. पाणी जास्त मारू नका, पट्टी आडवी वाकून पन्हळीसारखी होते.

१०० डिग्रीच्या पुढे गेलं की कडेने वाफ यायला लागते, शिसवाचा गोडसर वास खोलीभर पसरतो. मी १२० च्या आसपास कंबर दाबायला घेतो पण पूर्ण नाही, थोडी जागा ठेवतो, मग खालचा फुगवटा, मग वरचा, आणि शेवटी कंबरेचा उरलेला भाग. स्क्रू फिरवताना लाकूड हाताला सांगतं, सैल पडलं की अर्धा आटा, अडलं की थांबायचं, जोर लावायचाच नाही! मग १५० ला दहा मिनिटं ठेवून बंद, आणि रात्रभर तसंच साच्यात गार होऊ द्यायचं. गरम असतानाच काढलं तर पट्टी परत उघडते. सकाळी सोडवलं की कागदावर शिसवाचा जांभळट रंग उतरलेला असतो, फार सुंदर दिसतो तो.

ब्लँकेट साधारण १००० वॅटचं असतं, त्यामुळे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार), तापमान आवरणारा कंट्रोलर आणि त्याशिवाय वेगळा टायमर लावाच, कंट्रोलर अडकला तरी टायमरने करंट तुटला पाहिजे, आणि चालू असताना खोली सोडून जायचं नाही.

अजून एक, गुंडाळायच्या आधी दोन्ही पट्ट्यांवर कंबरेची रेघ आणि बाहेरची बाजू पेन्सिलने मार्क करा, रेघ कागद-फॉइलवर पण काढा, नाहीतर आत काही दिसत नाही आणि जोडीच्या दोन साइड आरशातल्यासारख्या यायच्या ऐवजी दोन्ही डाव्याच येतात.