आजीचा टाळ आणि कोरा पडदा

बेळगावात एकत्र शिकलेल्या आम्हा तिघींनी ध्वनी आणि चित्रफितींची एक मांडणी मिळून करायचे ठरवले, तेव्हा विषयावर एकमत व्हायला एक संध्याकाळ पुरली. पुढच्या कामाला मात्र सात महिने लागले. मी शहापुरातल्या वारकरी घरातली, दुसरी बैलहोंगलच्या कन्नड लिंगायत घरातली आणि तिसरी खानापूर तालुक्यातल्या, कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबातली. लहानपणी दिवेलागणीला घरात जे गायले जाई ते प्रत्येकीने घरच्याच माणसाकडून गाऊन घ्यायचे आणि चित्रित करायचे ते फक्त हात, एवढीच मूळ कल्पना होती.

पहिली चूक माझी. तिन्ही ध्वनिमुद्रणे एकावर एक चढवली की आपोआप संगम होईल, असा माझा समज होता. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटले आहे, पुरंदरदासांची कन्नड पदे ‘पुरंदरविठ्ठल’ या मुद्रेवर, म्हणजे रचनेच्या शेवटी येणाऱ्या कवीच्या खुणेच्या नावावर, संपतात आणि बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली कन्नड घरात जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी तुकारामांचे अभंग गायले. एवढ्या पुराव्यावर मी निर्धास्त होते. संगणकावर मात्र काहीच जमेना. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचे तर माझी आजी पांढरी चारमध्ये गाते, बैलहोंगलच्या मैत्रिणीची आई काळी चारमध्ये; सूर जुळवण्यासाठी आजीचा आवाज वर चढवला, तर ती लहान मुलीसारखी किनरी ऐकू येऊ लागली. शिवाय अभंग टाळाच्या ठेक्यावर चालणारा, आईंचे वचन, म्हणजे लिंगायतांचे संतकवी बसवण्णा यांची कन्नड रचना, तालाशिवाय, शब्दांच्या वजनावर जाणारे, आणि लदीन ही कॅथलिक घरातली सामूहिक प्रार्थना एकाने म्हणायची व बाकीच्यांनी उत्तर द्यायचे अशी, म्हणजे तिला मध्ये जागा सोडावीच लागते. शेवटी आम्ही मिसळणे सोडून दिले. तीन स्पीकर बारा-बारा फुटांवर ठेवले आणि एका आवाजाची मुद्रा आली की दुसरा सुरू होईल, अशी जुळणी केली. लदीनला मुद्रा नसल्यामुळे तिथे सगळ्यांचे शेवटचे उत्तर धरले.

दुसऱ्याची प्रार्थना कानावर पडली तर काय करावे, हे आम्हाला लहानपणी वेगवेगळे शिकवले गेले होते: एकीला हात जोडायला, एकीला गप्प उभे राहायला आणि एकीला तिथून निघून यायला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हे आम्ही एकमेकींना कधी सांगितले नव्हते. ते निघाले कामाच्या पाचव्या महिन्यात, आणि तेही स्पीकर कुठे ठेवायचे यावरून वाद झाला म्हणून. (निघून यायला कोणाला सांगितले होते, ते मी इथे लिहीत नाही.)

चित्रीकरणात माझ्या आजीने टाळ धरला, खानापूरच्या आजींनी जपमाळ. बैलहोंगलच्या आईंनी वचन आनंदाने गायले, परंतु पूजेच्या वेळी डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे लिंगायत अंगावर बाळगतात ते छोटे लिंग, असते, ते कॅमेऱ्यासमोर आणायला त्यांनी ठाम नकार दिला. दुसरे काही चित्रित करून ती जागा भरून काढावी, असे मी दोनदा सुचवले, आणि आता त्याची मला लाज वाटते. त्यांच्या मुलीने तो पडदा कोराच ठेवला. प्रदर्शनात ‘कूडलसंगमदेव’ ही बसवण्णांची मुद्रा त्या रिकाम्या पांढऱ्या कापडासमोर ऐकू येई, आणि लोक सर्वांत जास्त वेळ तिथेच उभे राहत.

ज्या सभागृहात मांडणी केली, तिथल्या व्यवस्थापकांनी पाटीवर कोणती भाषा वर असणार, हे तीन वेळा विचारले. आम्ही पाटीच काढून टाकली.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी आजी म्हणाली होती, “देवाचं नाव मशीनला ऐकवून काय करालीस ग?” प्रदर्शनाला ती तरीही आली. कोऱ्या पडद्यासमोर थोडा वेळ थांबून ती आपल्या स्पीकरजवळ गेली, डोळे मिटून पूर्ण अभंग तिने ऐकला आणि बाहेर पडताना म्हणाली, “टाळ मागं पडालाय माझा. पुन्हा घे.” येत्या एकादशीला घेणार आहे.