उठणे, उठवणे आणि ‘मे लेवांतो’

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात येऊन महिना झाला असेल. खालच्या मजल्यावरच्या आजींनी लिफ्टमध्ये विचारलं, सकाळी किती वाजता उठतेस? मी स्पॅनिशमध्ये म्हणाले, ‘लेवांतो आ लास सेइस.’ सहाला उठते, असं म्हणायचं होतं. आजी पुढचं ऐकायला थांबल्या. मग म्हणाल्या, ‘के लेवांतास?’ काय उचलतेस?

त्यांच्या लेखी माझं वाक्य अर्धंच होतं. लेवांतार म्हणजे उचलणं, उठवणं. आपलं आपण उठायचं तर लेवांतार्से. शेवटचा हा ‘से’ वर्तमानकाळात क्रियापदाच्या आधी येऊन बसतो आणि कर्त्याप्रमाणे बदलतो. मी उठते, मे लेवांतो. तू उठतेस, ते लेवांतास. ती उठते, से लेवांता. मग नोस लेवांतामोस, ओस लेवांताइस, से लेवांतान. प्रत्यय नेहमीचेच, फक्त आधीचा छोटा शब्द विसरायचा नाही.

क्लासमध्ये ‘स्वतःवर होणारी क्रिया’ असं शिकवलं होतं. अंग धुण्याला ते लागू पडतं, पण उठण्याला मला कधी पटलं नाही. मी स्वतःला कुठे उठवते? मी नुसती उठते. उलगडा झाला तो एका सकाळी लेकीला हलवून उठवताना. आपल्याकडे मूळ शब्द उठणे. दुसऱ्याला उठवायचं तर मध्ये ‘व’ घालायचा. बसणे-बसवणे, निजणे-निजवणे. स्पॅनिशची वाट नेमकी उलटी आहे! तिथे मूळ शब्दच उठवण्याचा, आणि स्वतः उठायचं तर ‘से’ जोडायचा. सेंतार बसवणे, सेंतार्से बसणे. आकोस्तार निजवणे, आकोस्तार्से निजणे. त्या दिवशी मी वहीची पानं नव्याने लिहून काढली, प्रत्येक क्रियापदासमोर मराठी जोडी.

आकोस्तार्सेत मधला स्वरही फिरतो, मे आक्वेस्तो. ‘आम्ही’ला मात्र तो जागचा हलत नाही, नोस आकोस्तामोस. हे पाठच करावं लागतं.

सगळ्या क्रियापदांना जोडीचं गणित लागू होत नाही. ‘वोय’ म्हणजे जाते, ‘मे वोय’ म्हणजे निघते. दोर्मीर झोपणं, दोर्मीर्से डोळा लागणं. इथे ‘से’ने अर्थाची छटा बदलते, आणि ती छटा मराठीत आधीपासून आहे, म्हणून मला ही क्रियापदं फार जवळची वाटतात. हात धुण्याचंही तसंच. ‘मे लावो लास मानोस’ म्हणायचं, ‘माझे हात’ म्हणायचं नाही. आपण तरी कुठे म्हणतो? मी हात धुते, एवढंच.

परवा आजी पुन्हा लिफ्टमध्ये भेटल्या. मी त्यांना दोन्ही वाक्यं सांगितली. सहाला ‘मे लेवांतो’. आणि सातला ‘लेवांतो आ मी इखा’, लेकीला उठवते. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, लेक किती वर्षांची एवढंच विचारलं.